रिकामी जागा पुसताना

श्रवण-तपासणी केंद्रातले संगणक सांभाळणाऱ्या ताईंना नावाने कोणी हाक मारीत नसे. पडदा काळा पडला की "ताई!" आणि उजळला की शांतता, एवढाच त्यांचा आणि केंद्राचा संवाद. जिन्याखालच्या खोलीत, पंख्यांच्या अखंड घरघरीत त्या बसत. वरच्या खोल्यांत टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता. इथे मात्र स्वतःशी पुटपुटायचे तरी आवाज चढवावा लागे.

त्या आठवड्यात त्यांच्या मानगुटीवर बसले होते 'आजोबा'. आजोबा म्हणजे संगणकाच्या पोटात चालणारा दुसरा, आभासी संगणक. कमी ऐकू येणाऱ्या मुलांचे वर्षानुवर्षांचे आलेख ज्या जुन्या प्रोग्रॅममध्ये होते, तो नव्या यंत्रांवर चालत नसे. म्हणून जुने यंत्र जसेच्या तसे एका अवाढव्य फाइलमध्ये उतरवून जिवंत ठेवले होते. आता सगळा कारभार नव्या सर्व्हरवर जायचा होता आणि तिथे आजोबांच्या वाट्याला निम्मीच जागा आली होती. शनिवारपर्यंत ते तेवढ्यात मावले नाहीत, तर जुन्या सर्व्हरबरोबर तेही बंद पडणार होते. मुलाचा कान सुधारला की खालावला, हे मागच्या रेषेवाचून कसे कळावे?

ताईंनी आतली निरुपयोगी चित्रे आणि अहवालांचे जुने मसुदे काढून टाकले. आत पुष्कळ जागा मोकळी झाली. बाहेरची फाइल तसूभरही हलली नाही. हलणार नव्हतीच. संगणकावर खोडणे म्हणजे दारावरची पाटी काढणे. बिऱ्हाड आत तसेच असते. त्या मोकळ्या जागेवर शून्ये लिहून ती खरोखर कोरी केली, तरच फाइल बाहेरून आवळता येते. हे काम त्यांनी गुपचूप उरकायला हवे होते. त्यांनी ते साहेबांना सांगितले.

साहेब म्हणजे केंद्रप्रमुख, स्वतः कानाचे डॉक्टर. ताईंच्या आधीच्या माणसाने साफसफाईच्या नादात एका महिन्याच्या तपासण्या उडवल्या होत्या. तेव्हापासून साहेब ताकच काय, पाणीही फुंकून पीत. 'काहीही करण्याआधी स्नॅपशॉट घ्या', म्हणजे बिघडले तर मागे फिरता यावे म्हणून यंत्राची आहे ती स्थिती टिपून ठेवा, हा कागद त्यांनीच लिहवून घेतला होता आणि तो जिन्याखालच्या भिंतीवर चिकटवला होता ताईंनी.

"स्नॅपशॉट घेतलात?"

"तिथंच तर गोम आहे, साहेब. स्नॅपशॉट घेतला की जुनी फाइल आहे त्या स्थितीत गोठते. मी लिहिलेली शून्यं तिच्यात जातच नाहीत, शेजारी दुसरी फाइल फुगत राहते. तेवढी जागा नाही आपल्याकडे."

"शून्यांनी जागा भरते?"

"भरते."

"ताई, माझं गणित कच्चं आहे, पण इतकंही नाही हो."

"मग आजोबांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ठेवू. ती जास्त सुरक्षित."

"ती काढा नाहीतर काढू नका. आधी स्नॅपशॉट."

ते खुर्चीमागे उभेच राहिले. ताईंनी स्नॅपशॉट घेतला, शून्ये सोडली. शेजारची फाइल पुरात नदी चढावी तशी चढली, सर्व्हर काठोकाठ भरला आणि वरून स्वागतकक्षातला आवाज आला, "ताई! सगळं गोठलं!" लोक खोळंबले. स्नॅपशॉट मागे फिरवून ताईंनी जागा मोकळी केली, तेव्हा साहेबांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

"पाहिलंत? स्नॅपशॉट होता म्हणून वाचलो!"

ताईंनी दात इतके घट्ट आवळले की दाढेत कळ आली.

घरी जेवताना लेकीने विचारले, "आई, दिवसभर केलंस तरी काय?"

"रिकामी जागा पुसली."

"आणि?"

"भरली."

"अगं, मग मला कशाला रागावतेस खोली आवरत नाही म्हणून?" लेक खिदळली. नवऱ्याने हळूच भात वाढला आणि विषय वाढवला नाही. त्याला बायकोचा आवळलेला जबडा दिसत होता.

दुसऱ्या दिवशी ताईंनी कोणाला न विचारता आजोबांची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढली, दुसऱ्या संगणकावर ती सुरू करून एका मुलाचा आलेख उघडला, आणि तो संगणक उचलूनच साहेबांच्या टेबलावर ठेवला.

"हे आजोबा. सर्व्हर जळून राख झाला तरी हे असे उठून बसतील. डिस्क तुमच्या खणात ठेवा, किल्ली खिशात. आणि आज मी स्नॅपशॉट घेणार नाही."

साहेबांनी आलेख निरखला. "हे आधी का नाही सांगितलंत?"

सांगितले होते, याच तोंडाने. ताईंनी तो घास गिळला. "आता सांगितलं ना."

मग वर्षानुवर्षे साचलेले सगळे स्नॅपशॉट त्यांनी मूळ फाइलमध्ये विलीन केले, मोकळी जागा कोरी केली, फाइल आवळली. आजोबा निम्म्याहून थोडे कमीच भरले. शनिवारी ते नव्या जागी बसले. सोमवारी वरच्या शांत खोलीत श्रवणतज्ज्ञ बाईंनी एका मुलीची मागची रेषा उघडली, तिच्याशेजारी आजची ठेवली आणि मुलीच्या आईला म्हणाल्या, "घसरलेलं नाही हो." ताई दारातच उभ्या होत्या, बऱ्याच दिवसांनी त्यांचा जबडा सैल झाला.

जिन्याखाली येऊन त्यांनी पडदा पाहिला. आजोबांच्या नावाखाली नवा स्नॅपशॉट. नुकताच घेतलेला.

"बाई!" जिन्यातूनच त्या ओरडल्या. "स्नॅपशॉट तुम्ही घेतलात?"

"हो, आलेख उघडण्याआधी," वरून निरागस उत्तर आले. "भिंतीवर लिहिलंय ना तुम्ही?"

ताई परत आत गेल्या. कागदाचे चारही कोपरे त्यांनी स्वतःच्या हातांनी पक्के चिकटवले होते. तो निघताना भिंतीचा रंगही घेऊन आला.