आण्णांचं बाहेरचं जेवण

क्रांती चौकात मुंबईची ट्रॅव्हल्स येऊन थांबली तेव्हा आई एवढंच म्हणाली, "पोचली की रूमवरून फोन कर." आण्णा माझ्या बॅगेची चेन पुन्हा पुन्हा ओढून बघत होते. लग्न नुकतंच झालेलं, नवरा तैवानला चिपच्या कारखान्यात आधीच रुजू झालेला, आणि मी मागून एकटी निघालेली. मी वडिलांना सहज विचारलं, "आण्णा, माझ्याकडं जेवायला कधी येणार?" ते हसले. "नातू होऊ दे. मग येतो आन् पोटभर जेवतो." आम्ही सगळेच हसलो. बस सुटली.

तुम्ही जे तिकडं गावी, वैजापूरला राहिलात त्यांना हे सांगायची गरज नाही. पण जे माझ्यासारखे निघून आले आणि ज्यांची पोरं इथंच परदेशात शाळेत जातात, त्यांना कदाचित आठवणार नाही. आमच्याकडं लेकीला मूल होईपर्यंत आईबाप तिच्या घरी जेवत नाहीत. जुनी माणसं तर पाणीही पीत नसत. आण्णांनी पाण्याची आणि चहाची सूट आपली आपणच काढली होती. पण अन्न नाही.

वर्षं गेली. नवऱ्याच्या कारखान्याजवळ एक फ्लॅट, त्यात दोन खुर्च्या, तांदळाचा कुकर, दवाखान्याच्या फायली. मी बालवाडीत इंग्रजी शिकवते, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांची लेकरं सांभाळते. त्या फ्लॅटला आम्ही दोघंही रूमच म्हणायचो. "रूमवर जाते", "रूमची चावी दे." घर म्हणजे वैजापूर. मूल झालं नाही. होणार नाही हेही डॉक्टरांनी शेवटी सांगून टाकलं. ते मी घरी कुणाला सांगितलं नव्हतं. फोनवर कसं सांगायचं हो असलं?

मग एके दिवशी आईनंच आण्णांना धाडलं. "जाऊन पोरीला बघून तरी या. मला गुडघ्यांनी विमानात बसवत नाय. आन् आले तरी जेवू कुठं?"

आण्णा आले ते ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, दशम्या आणि गुलमंडीच्या बाजारातून माझ्यासाठी घेतलेलं गोधडीएवढं जाड लुगडं घेऊन. पीठ माझ्यासाठी, दशम्या त्यांच्यासाठी. पहिल्या दिवशी मी वरणभात केला. ते म्हणाले, "वास लई चांगला येतोय," आणि दशमी घेऊन खाली बागेतल्या बाकावर जाऊन बसले. मी वरून बघत होते. सत्तरीचा माणूस, डोक्यावर टोपी, परक्या मुलखात बाकावर बसून चटणी-दशमी खातोय. एवढा राग आला, आणि तेवढंच रडूही.

दशम्या संपल्यावर नवरा म्हणाला, "बाहेरचं चालतंय ना त्यांना? मग सुट्टी घे, फिरव, खाऊ घाल." म्हणून आमचं तैवान बघणं झालं. लोक हौसेनं फिरतात, आम्ही जेवायला फिरलो.

आधी काऊशुंग. मोठं बंदर, डोंगराएवढी जहाजं. पलीकडच्या बेटावर जायला फेरीबोट, तीत माणसं स्कूटरसकट चढतात. आण्णांना बोट आवडली. बेटावरच्या ताज्या माशांच्या रांगा बघून मात्र उपरणं नाकाला. शाकाहारी खाणावळ शोधता शोधता माझ्या पायाचे तुकडे पडले. इथं अशा खाणावळीवर बहुधा स्वस्तिक काढलेलं असतं, आपल्यापेक्षा उलट्या बाजूला वळलेलं. ते दिसलं की आण्णा लांबूनच ओरडायचे, "घावलं बघ!" नूडल्स त्यांनी हातानं खाल्ल्या. शेजारच्या टेबलावरची बाई बघत राहिली, मग तिनं हसून त्यांना जास्तीचा टिशू दिला.

आई रोज फोन करायची. "जेवले का तुझे आण्णा?" मी म्हणायचे, "जेवले." कुठं ते ती विचारायची नाही, मी सांगायची नाही.

मग ताइनान, जुनी राजधानी. डच लोकांचा लाल विटांचा किल्ला. आण्णा तो बघून म्हणाले, "बरा हाय. पण देवगिरी चढलेल्या माणसाला हे काय दाखवती?" मला भांडायचंही त्राण नव्हतं. ऊन मी म्हणत होतं. सावलीसाठी आम्ही समुद्रदेवीच्या देवळात शिरलो. तिच्यापुढं फळं, बिस्किटं, वाफवलेल्या पावांची ताटं. लोक नैवेद्य दाखवत होते आणि नंतर तोच वाटून खात होते.

आण्णांनी हात जोडले. मग विचारलं, "हिला लेकरं किती?"

"एकपण नाही. लग्नच केलं नव्हतं. कोळ्याची पोर होती. वादळात बापाला वाचवलं म्हणतात. समुद्र ओलांडून इकडं आलेल्या लोकांनी हिला बरोबर आणलं."

"आन् हे समदे हिला काय म्हणतेत?"

"आई म्हणतात."

देवळातल्या एका म्हातारीनं त्यांच्या हातावर गरम पाव ठेवला. आण्णा बराच वेळ तो तसाच धरून उभे राहिले. मग तिथंच, देवीसमोर, मांडी घालून खाल्ला. मी खांबाला टेकून डोळे मिटले होते. मला फक्त झोप हवी होती.

शेवटी कीलुंग, उत्तरेचं बंदर. तिथं पाऊस पडतच असतो. पिवळ्या कंदिलांखाली खाण्याच्या गाड्याच गाड्या. एका गाडीवर पातळ पोळीत शेंगदाण्याची चिक्की किसून, वर आइस्क्रीम आणि कोथिंबीर घालून गुंडाळून देतात. आण्णा खूश. "कूट आन् कोथिंबीर! हे तर आपलंच हाय की. घरी करत जा."

घरी करत जा! भिजलेले बूट, दुखणारी कंबर, आणि त्यात हे. माझा तोल सुटला. "कुणासाठी करू? तुम्ही खाणार आहात? आण्णा, मला मूल होणार नाही. कधीच नाही. मग तुम्ही काय जन्मभर बाकावर बसून खाणार?"

मराठी कुणाला कळत नव्हतं, तरी गाडीवाली थबकली. आण्णांच्या हातात आइस्क्रीम वितळत होतं. परतीच्या गाडीत ते खिडकीला डोकं टेकून बसले होते. किती म्हातारे झालेत ते मला तेव्हा दिसलं.

रूमचं दार उघडलं. आण्णांनी पाय धुतले, स्वयंपाकघरात आले आणि न उघडलेली पिठाची पिशवी ओट्यावर ठेवली.

"तवा हाय का?"

"आहे."

"मग टाक भाकरी. भूक लागलीय."

मी बघतच राहिले. ते म्हणाले, "त्या देवीच्या दारात जेवलो की मी. मग माझ्या लेकीनं काय घोडं मारलंय?"

माझ्या हाताची सवय मोडली होती. भाकरी थापताना चिरली, तव्यावर उलटताना अर्धी झाली. पिठल्यात गाठी. आण्णा जमिनीवर बसून जेवले. "अजून अर्धी वाढ," म्हणाले. मी वाढली आणि रडले, आणि ते जेवत राहिले.

आईचा फोन आला. "जेवले का?"

"जेवले."

मग सांगूनच टाकलं, "माझ्याकडं जेवले, आई. भाकरी आणि पिठलं."

मग तिनं विचारलं, "फुगली का भाकरी?"

"नाय."

"हं. मी आल्यावर दाखवते."

आण्णांना सोडायला विमानतळावर गेले. आत जाताना ते वळले आणि म्हणाले, "घरी पोचली की फोन कर." जाणारे ते, आणि फोन मी करायचा! परतीच्या मेट्रोत मला उभ्याउभ्या डुलकी लागत होती, पण ते वाक्य काही सुटेना. रूमवर नाही, घरी म्हणाले होते. घरी आले. बूटही न काढता फोन लावला, तर त्यांचं विमान उडालेलं होतं.