व्याह्यांचं कुलूप

कुलपाला आमच्या व्याह्यांइतका मान अख्ख्या सोलापुरात कुणी दिला नसेल. माणूस देवापुढे एकदा हात जोडून पुढे जातो. हे आपल्याच दाराचं कुलूप एकवीस वेळा ओढून बघायचे. आधी डाव्या हाताने, मग उजव्या, मग पिशवी खाली ठेवून दोन्ही हातांनी. एवढं करून गल्लीच्या टोकापर्यंत गेले की परत यायचे. मी लेक दिली ती समोरच्याच घरात, त्यामुळे हे जाणं-येणं मला खिडकीतून रोजचं.

तशी त्यांची नजर पहिल्यापासूनच बारीक. चादरीच्या कारखान्यात तीस वर्षं माल तपासायचं काम केलेलं. लग्नात आम्ही आहेरात चादर दिली, तर भर मांडवात ती उन्हाकडे धरून म्हणाले, "विहीणबाई, मोराच्या शेपटीत एक धागा कमी हाय. ऱ्हाऊ द्या, मोराला कळत न्हाय." आम्ही सगळे हसलो. त्यांची बायको वारली, जावई नि माझी लेक नोकरीसाठी पुण्याला गेली, आणि घरात हे एकटे उरले, तेव्हा मात्र ते हसण्यासारखं राहिलं नाही. नात तीन वर्षांची झाली तरी आजोबांनी तिचं घर पाहिलेलं नव्हतं. एकदा लाडवांचा डबा घेऊन गाडीत बसले खरे, पण वाटेत केम स्टेशनला उतरून परत आले. का, तर कुलूप. ते लाडू मग आमच्याच घरी संपले.

शेवटी लेकीने येऊन त्यांना इथल्याच मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरीणबाई वयाने लहान, पण बोलायला ठाम. याला ओसीडी म्हणतात, म्हणाल्या. आपल्याकडे मंत्रचळ म्हणतात तेच. गोळ्या दिल्या आणि सराव दिला: कुलूप लावायचं, भीती वाटली तर वाटू द्यायची, आणि तशीच ती बरोबर घेऊन चालायला लागायचं. किती वेळा ओढलं तो आकडा रोज कॅलेंडरवर लिहायचा. एकवीसचे पंधरा झाले, पंधराचे नऊ, दिवाळीपर्यंत चार. आणि तिथेच गाडी अडली. संक्रांत गेली, शिवरात्र गेली, प्रत्येक चौकटीत आपलं चार, चार, चार.

एका सकाळी कॅलेंडर घेऊनच माझ्याकडे आले. "बास आता. गोळ्या बास, डॉक्टर बास. नातीला फोनवरच बघतो."

मी म्हटलं, "पाव्हणं, धागा तुटला म्हणून मागावरची चादर कुणी फाडून टाकतं का? गाठ मारतात नि पुढे विणतात की."

"ते विणणाऱ्याचं झालं, विहीणबाई. मी चुका काढणारा माणूस."

मग मी स्वतःच त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "चार वेळा ओढल्यावर काय करता?" व्याही मान खाली घालून म्हणाले, "रिक्षातनं विहीणबाईंना फोन करतो. कुलूप दिसतंय का इचारतो." मी मोठ्या कौतुकाने म्हटलं, "आणि मी लगेच सांगते, दिसतंय की, लागलंय."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "आजी, मग पाचव्यांदा कुलूप तुम्हीच ओढताय की."

सहा महिने मी हे पुण्यकर्म म्हणून करत होते. बाई त्यांना म्हणाल्या, "आकडा थांबला म्हणजे तुम्ही हरलात असं नाही. कुठे अडलंय ते आज कळलं." आणि मला सांगितलं, यापुढे एकच उत्तर द्यायचं: माहीत नाही.

पहिल्या दिवशी तसं म्हटलं तर व्याही चिडले. "वीस पावलांवर ऱ्हाता, आन माहीत न्हाय?" परत आले, आणखी दोनदा ओढलं. कॅलेंडरवर सहा. मला वाटलं, संपलं, आता हे सोडणार. दुसऱ्या दिवशी चहाला आले ते दाढी करून. म्हणाले, "सहा तर सहा. हे सहा माझे हायत. त्ये चार तुमच्या डोळ्यांवर उभे हुते." मग पाच आले, पुन्हा सहा, तीन, पाच, दोन. चौकटी वेड्यावाकड्या झाल्या, पण हलायला लागल्या.

चैत्रात ते पुन्हा डबा घेऊन निघाले. केमहून फोन आला.

"विहीणबाई, कुलूप…"

"माहीत नाही, पाव्हणं."

मागे भेळवाला ओरडत होता. "लागलंय" म्हणून टाकावं, असं अगदी ओठावर आलं होतं. ते हळूच "बरं" म्हणाले नि फोन ठेवला. अर्ध्या तासाने पुन्हा वाजला.

"केम सुटलं. पुढचं जेऊर बी गेलं."

"मग?"

"छातीत लई धडधडतंय. पर बसलोय."

आज पंधरा दिवस झाले, अजून ते नातीकडेच आहेत. आता एक सांगते, जे मी त्यांना काय, डॉक्टरीणबाईंनाही सांगितलेलं नाही. त्यांच्या फाटकातला कडुलिंब गेल्या पावसाळ्यापासून इतका पसरलाय की माझ्या खिडकीतून ते कुलूप दिसतच नाही. मी सहा महिने पाल्याकडे बघून "दिसतंय की" म्हणत होते.

फोन येत नाही, ते चांगलंच आहे. तरी दुपारी चहा ठेवताना कान तिकडे लागतो. काल न राहवून रस्ता ओलांडला. फाटक उघडलं. आणखी चार पावलं टाकली असती तर कुलूप दिसलं असतं. तिथेच थांबले, फाटकातला पाला झाडून एका कडेला केला, आणि परत आले.