एक सेकंद, पाच रविवार

टॅक्सीची मीटरं दुरुस्त करण्यात माझी चाळीस वर्षं गेली. भोईवाड्यात कोर्टाच्या मागच्या गल्लीत माझं दुकान आहे. दुकान म्हणजे दीड माणूस मावेल एवढी जागा. आता लोक फोनवरून गाडी बोलावतात, भाडंही फोनच सांगतो, आणि मी बहुतेक दिवस पंख्याखाली बसून जांभया देतो. मीटर फास्ट करून द्या म्हणणारी गिऱ्हाइकंसुद्धा येईनाशी झाली. फास्ट म्हणजे गाडी एक किलोमीटर धावली की मीटरने सव्वा दाखवायचा. तसली कामं मी कधीच केली नाहीत असं म्हटलं तर अख्खा भोईवाडा हसेल.

अशाच एका कंटाळवाण्या दुपारी शिवाजी पार्कचे एक गृहस्थ आले. पन्नाशीचे, कडक इस्त्रीचा शर्ट. पिशवीतून एक काळा डबा काढून त्यांनी काउंटरवर ठेवला. म्हणाले, "मेस्त्री, हे बोटीचं आहे. वेग सांभाळणारं यंत्र."

"साहेब, मी टॅक्सीवाला. बोटीला कुठलं आलंय मीटर?"

ते हसले नाहीत. शांतपणे समजावून सांगू लागले. त्यांची सतरा वर्षांची मुलगी शहराबाहेरच्या एका तलावावर वॉटर स्कीइंग करायची. पाण्यात सहा तरंगते गोळे असतात, तीन उजवीकडे, तीन डावीकडे. बोट मधून सरळ जाते आणि मागे दोरी धरून एकाच पट्टीवर उभी असलेली मुलगी प्रत्येक गोळ्याला बाहेरून वळसा घालते. वळताना दोरीला असा हिसका बसतो की बोट मंदावते. तेवढ्यात हा डबा इंजिनाला आपणहून जोर देतो आणि वेग पुन्हा होता तिथे आणतो. बोटीच्या तळाशी एक छोटं चक्र पाण्यात फिरतं, त्यावरून डब्याला वेग कळतो.

"मग बिघडलंय काय?"

"बिघडलेलं नाही. मीच बिघडवून घेतलंय," ते म्हणाले.

बोट ते स्वतः चालवायचे. गेल्या वर्षी मुलगी दर वेळी चौथ्या गोळ्यावर पडायची आणि घरी येईपर्यंत गाडीत रडायची. यांना ते बघवेना. तिथल्या मेकॅनिकला सांगून त्यांनी डब्यातला एक स्क्रू थोडा फिरवून घेतला, मग आणखी थोडा. पडद्यावर ताशी एकोणपन्नास किलोमीटरचा वेग दिसायचा, बोट प्रत्यक्षात सत्तेचाळीसचीही नसायची, आणि मुलीला वळायला तेवढा वेळ जास्त मिळायचा. मुलीने सहाच्या सहा गोळे पार केले. त्या दिवशी यांनी बिल्डिंगमध्ये पेढे वाटले. आता तो मेकॅनिक गाव गाठून बसला होता, आणि दीड महिन्यावर निवड चाचणी आली होती. तीही दुसऱ्या गावी, उपग्रहावरून वेग धरणाऱ्या नव्या बोटीवर. तिथे कुणाचा स्क्रू चालणार नव्हता.

"मग फिरवतो उलटा. पाच मिनिटांचं काम."

"एकदम नको. दर रविवारी थोडा थोडा. तिला कळता कामा नये."

मीटर चोरून फास्ट करून मागणारे मी शेकड्यांनी पाहिले होते. चोरून खरं करून मागणारा हा पहिलाच. नाही म्हणायला हवं होतं. पण त्यांचा चेहरा बघून मला कणव आली, आणि खरं सांगायचं तर दुकानात बसून जीवही विटला होता. हो म्हणालो.

रविवारी सकाळी त्यांच्या गाडीतून आम्ही तिघे निघायचो. मी यंत्र सांभाळायला येतो एवढंच मुलीला सांगितलं होतं. पहिल्या फेरीला मी घड्याळ लावलं. एकोणपन्नासच्या वेगाने सहा गोळ्यांच्या सबंध टप्प्याला एकोणीस सेकंद लागायला हवेत. लागले वीस. म्हणजे तिच्या सहा गोळ्यांमध्ये एक सेकंद तिच्या वडिलांचा होता. पाच रविवारांत तो काढून घ्यायचा होता.

तसाच काढत गेलो. मीटर तपासलं की कार्डावर दाखवलेला आकडा आणि खरा आकडा लिहायचा, ही माझी जुनी सवय. दर रविवारी एक कार्ड लिहून खिशात टाकायचो. दुसऱ्या रविवारीही मुलीने सहा गोळे पार केले. तिसऱ्या रविवारी पाच, चौथ्या रविवारी साडेचार; वळसा अर्धवट राहिला तर अर्धा धरतात. "लक्ष कुठे आहे तुझं?" वडील ओरडायचे. ते बोट चालवताना पुढे बघायचे, त्यांना फक्त दोरी सुटल्याचा धक्का कळायचा. मी मागे तोंड करून बसलेला. पडताना तिचा चेहरा कसा व्हायचा ते मला बघावं लागायचं. घरी आल्यावर मी गुडघ्यांना तेल चोळत बसायचो आणि बायकोशी धड बोलायचो नाही.

पाचव्या रविवारी घड्याळात बरोब्बर एकोणीस आले. ती तीन वेळा गेली आणि तिन्ही वेळा चौथ्यावर पडली. वडील बोट बांधत होते. ती माझ्या शेजारी फळीवर येऊन बसली, हातमोजा काढता काढता म्हणाली, "काका, मी सोडतेय. वर्षभर घासली, आणि आता दर आठवड्याला उलटीच चाललीय. माझ्यात नाहीच आहे ते. बाबांना सांगायचं कसं, तेवढं सांगा."

शब्द दिला होता, गप्प बसायला हवं होतं. पण मला त्या माणसाचा राग आला, आणि त्याहून जास्त माझा. खिशातली पाच कार्डं काढून मी तिच्या हातात दिली. पोरगी हुशार. दोन वाचली आणि तिला कळलं.

"म्हणजे सहा मी कधी केलेच नव्हते?"

"नाही, बाळा."

"आणि ते पेढे?"



एरवी ती वडिलांशेजारी बसायची. परतताना मागे बसली, मला पुढे बसवलं. दादरला उतरताना तिने ती पाच कार्डं वडिलांच्या हातात ठेवली.

तिची निवड झाली नाही. पण तिने सोडलंही नाही. फक्त त्यानंतर तिने आपली बोट वडिलांना चालवू दिली नाही. आता दुसरा ड्रायव्हर असतो, आणि किती गोळे झाले ते ती घरी सांगत नाही. मला मात्र दर रविवारी फोनवर नुसता आकडा पाठवते. गृहस्थ शिवाजी पार्कला फेऱ्या मारून चालत भोईवाड्याला येतात आणि माझ्या स्टुलावर बसतात. त्यांच्यासाठी मी रविवारीही शटर उघडतो.

आज फोन वाजला. मी बघितलं आणि म्हटलं, "पाच."

ते हळूच म्हणाले, "मेस्त्री, मला बरं वाटावं म्हणून एखादा वाढवून तर नाही ना सांगत?"

मी फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि तो एकच आकडा वाचत बसले.