उसन्या कातड्यातले कोकरू

उरुमकानने पहिली गोष्ट लिहिली तेव्हा ती बासष्ट वर्षांची होती. त्याआधी तिने जन्मभर फक्त नोंदी लिहिल्या होत्या. आत-बाशीच्या खोऱ्यात सामूहिक शेतीचे कळप होते, त्यांच्या वेताच्या हंगामात ती बावीस वर्षे कामाला होती. लोक तिला मेंढ्यांची सुईण म्हणत. कोणती मेंढी कधी व्याली, एक की जुळे, नर की मादी, दूध कसे आहे, हे ती रोजच्या रोज वहीत लिहून ठेवी. शेती मोडली, कळप वाटले गेले, पण त्या वह्या कोणी मागितल्या नाहीत. त्या तिच्याकडेच राहिल्या, पिठाच्या पेटीवर, फडक्यात बांधून.

नवरा ओसमोन गेल्यानंतर दुसऱ्या वर्षी बिश्केकहून नातीचा फोन आला. शाळेत मेंढीवर पाच वाक्ये लिहायला सांगितली होती. आजी बोलायला लागली ती तासभर थांबलीच नाही. शेवटी मुलाने फोन घेतला. "आई, हे सगळं लिहून का काढत नाहीस?" एर्मेक म्हणाला. "पोरगी जेवायचीसुद्धा विसरली बघ."

मग ती लिहू लागली. सकाळी गाईची धार काढून झाली की खिडकीशी बसायची, जुन्या वह्यांच्या कोऱ्या पाठीवर, पेन्सिलीने. कळपापुढे चालणाऱ्या बोकडाची गोष्ट झाली, लांडग्याला घाबरणाऱ्या कुत्र्याची झाली, हिवाळाभर बिळात झोपून उठल्यावर शेजाऱ्यांची नावे विसरलेल्या मार्मोटची झाली. तालुक्याच्या वर्तमानपत्राने मुलांच्या पानावर त्या छापायला घेतल्या. छापायला पाठवण्यापूर्वी प्रत्येक गोष्ट ती काल्बुबूला वाचून दाखवी. दोघी एकाच वर्षी या गावात सुना म्हणून आल्या होत्या, एकाच तंबूत हंगाम काढले होते.

"कुत्रा एवढं बोलत नाही गं," काल्बुबू म्हणे. "एवढा बोलायला लागला तर लोक त्याला गावचा प्रमुख करतील."

"मग आत्ता प्रमुख आहे तो काय वेगळं करतो?"

"तो चावतो तरी कुठे?"

असे हसत हसत चहाच्या पाच-सहा वाट्या होत, आणि गोष्टीतली चार वाक्ये कमी होत. काल्बुबूने कमी करायला सांगितलेले वाक्य उरुमकानने कधी ठेवले नाही.

एक गोष्ट मात्र काल्बुबूने आधी ऐकली नाही. त्या हिवाळ्यात तिचे गुडघे धरले होते आणि ती लेकीकडे जाऊन राहिली होती. ती गोष्ट एका पोरक्या कोकराची होती. मेंढीचे पिलू मेलेले निघते, शेजारच्या कोकराची आई मरते. सुईण काय करते, मेलेल्या पिलाचे कातडे काढून पोरक्याच्या अंगावर चढवते. मेंढी वास घेते, शेपटीशी हुंगते, आपलेच म्हणते आणि तिला पान्हा फुटतो. चार दिवसांनी कातडे कापून काढतात. तोवर तिचेच दूध त्याच्या अंगातून वाहत असते, वास तिचाच येतो. उरुमकानने हे तीनशे वेळा तरी केले होते. गोष्टीत कोकराला उसना कोट टोचतो, खाजतो, बाकीची कोकरे त्याला हसतात, असे सगळे होते. शेवट असा होता: मेंढीला मात्र कधीच कळले नाही.

१४ मार्च २०१९, गुरुवारी गोष्ट छापून आली.

शुक्रवारी शेजारीण साईची वाटी घेऊन आली आणि तिचा हात हातात धरून बसली. शनिवारी टपाल आणणारी बाई दारात उभी राहून डोळे पुसत होती. "एजे, किती मोठं मन तुमचं," मोठ्या बहिणीला म्हणावे तसे एवढेच म्हणाली. उरुमकानला मनातून बरे वाटले. कोकराच्या गोष्टीने माणसे रडतात म्हणजे आपल्याला खरेच लिहिता येऊ लागले. काल्बुबू लेकीकडून परतल्याचे तिला कळले होते. काल्बुबू एवढी आली नाही.

सोमवारी शार्शेन-आके आले. अठ्ठ्याऐंशी वर्षांचे, पूर्वीचे मुख्य मेंढपाळ, गाव त्यांना आके, म्हणजे दादा, म्हणे. घोड्यावरून उतरायला त्यांना बराच वेळ लागला. आत येऊन बसले आणि त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

"आके, टोपी कशाला काढलीत? डोक्याला गारवा लागेल."

"लागू दे. त्रेचाळीस वर्षं हे ओझं या डोक्यात होतं, पोरी. तू किती अलगद खाली ठेवलंस! कुणाला बोल नाही, दूषण नाही. आम्हाला वाटलं होतं, ही न बोलताच जाणार."

"अहो, मेंढीची तर गोष्ट! तुमच्याच कळपात दर हंगामाला पंधरा-वीसदा करत होते मी."

"तेच तर! लेकी बोले सुने लागे. शहाणी आहेस." म्हाताऱ्याने चहाची वाटी दोन्ही हातांत धरली. "तुझी शुद्ध नव्हती, अंगाची भट्टी झालेली. दोन पोरं आधीच गेलेली. तुझी सासू म्हणाली, बाई जगली पाहिजे, बाकीचं अल्ला बघेल. मी गप्प बसलो. एर्मेककडे बघतो तेव्हा वाटतं, चुकलो नाही. पण तुला सांगितलं कुणी? काल्बुबूने?"

"काय सांगितलं?"

शार्शेन-आकेंनी तिच्याकडे पाहिले. मग त्यांनी हळूच टोपी डोक्यावर ठेवली.

"म्हातारा झालो, पोरी. कुठलं कुठे जोडतो." पहिली वाटीही न संपवता ते उठले. घोड्यावर चढताना त्यांचा पाय दोनदा रिकिबीतून निसटला. ती दारात उभी होती, मदतीला गेली नाही.

मग तिने १९७६ ची वही काढली. गोष्टींसाठी ती वही तिने कितीदा चाळली होती, पण त्यातले बारा दिवस तिचे नव्हते. चार एप्रिलपर्यंत तिचे बारीक अक्षर होते. पाच ते सोळा काल्बुबूचे, मोठे, उजवीकडे कललेले. बाळंतपणाच्या तापाचे दिवस म्हणून ती पाने ती नेहमी उलटून टाकी. आज तिने चष्मा पुसून एकेक ओळ वाचली. पाच तारखेला दोनशे चौदा क्रमांकाच्या मेंढीनंतर एक ओळ होती, तिच्यापुढे मेंढीचा क्रमांक नव्हता. "मादी. मेलेली जन्मली. पुरली."

मेलेले कोकरू कोणी पुरत नसे. कातडे काढून मोजून द्यावे लागे. उरुमकानने वही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तपासली. क्रमांक नसलेली ओळ त्या वहीत दुसरी नव्हती. एर्मेकचा वाढदिवस ते सात एप्रिलला करत आले होते.

मंगळवारी सकाळी ती काल्बुबूकडे गेली. काल्बुबू चुलीजवळ बसून लोकर विंचरत होती. वर न बघताच म्हणाली, "बैस. चहा उकळतोय."

"चहाला नाही आले. पाच एप्रिलची ओळ तू लिहिलीस."

लोकर विंचरणे थांबले. काल्बुबूने फणीच्या दातांत अडकलेली लोकर काढली.

"मला वाटलं, तुला कळलंय आणि म्हणूनच तू मला वाचून न दाखवता छापलंस," ती म्हणाली. "मग मी कोणत्या तोंडाने येणार होते?"

"मुलगी होती?"

"हो."

"माझी मुलगी होती आणि ती तू मेंढ्यांत लिहिलीस."

"कुठे लिहू मग? दुसरा कागद होता का तिथे? कुठेच न लिहिणं मला जमलं नाही, उरुम." काल्बुबूचा आवाज चढला. "मी धुतलं तिला. कोकरांसाठी तापवलेलं पाणी होतं, त्यानेच. तुझ्या पांढऱ्या रुमालात गुंडाळलं. वर्षभर तू रुमाल शोधत होतीस आणि मी म्हणत होते, वाऱ्याने नेला असेल. जमीन गोठलेली. ओसमोनने गोवऱ्या पेटवून ती मऊ केली आणि खणलं. मेंढवाड्याच्या दक्षिणेच्या भिंतीला लागून."

"ह्यांनी खणलं?"

"मग कोण खणणार?"

त्यानंतर अडतीस वर्षे एका अंथरुणात. गेली पाच वर्षे ती दर शुक्रवारी त्याच्या कबरीवर जाऊन दुवा मागत होती. उरुमकान उभी होती ती खाली बसली, पाहुण्यांसाठी टाकलेल्या गादीवर नव्हे, दाराशी, जोड्यांजवळ.

"आणि एर्मेक?"

"कामाला आलेल्या विद्यार्थिनींमधली पोर होती. जाड कोटाखाली पोट लपवून आलेली. नाव नीट कुणी विचारलंच नाही. दोन दिवसांनी मोकळी झाली आणि छाती फडक्याने आवळून पहिल्या ट्रकने गेली. मूल भुकेने रडत होतं. तुला दूध होतं, शुद्ध नव्हती. तुझी सासू म्हणाली—"

"तुर्सुनबुबू म्हणाली."

काल्बुबू दचकली. सासूचे नाव उरुमकानच्या तोंडून कधी कोणी ऐकले नव्हते. तिच्या नावासारखे वाटतील असे शब्दसुद्धा ती बदलून बोलायची. "नाव घेतलंस तिचं?"

"घेतलं. आणखी कुणाकुणाचं घेऊ? सांग, कुणाला माहीत नव्हतं या गावात?"

काल्बुबू एकदम फणी बाजूला फेकून म्हणाली, "तू जगलीस ना? मुलगा जगला ना? तीनशे मेंढ्यांना माझ्यासमोर तू स्वतःच्या हाताने हेच केलंस. एकीला तरी विचारलंस?"

"मेंढीला मी मैत्रीण म्हणत नव्हते," उरुमकान म्हणाली, आणि उठून जोडे घातले.

नवरोजच्या सुटीला एर्मेक गाडी घेऊन आला. तोवरचे दिवस उरुमकानने एकच वाक्य जुळवण्यात घालवले. वर्तमानपत्रातल्या मुलीचा पुढच्या गोष्टीसाठी फोन आला, तिला तिने नंतर बघू म्हणून सांगितले. या वाक्यापुढे तिला गोष्ट सुचत नव्हती. एर्मेकला सांगायचे तर होते, पण कसे? आपण परके आहोत असे त्याला क्षणभरही वाटता कामा नये. तिने ते वाक्य तीन तऱ्हांनी लिहिले, तिन्ही कागद चुलीत घातले. शेवटी ठरवले की घरात नको, तिथेच सांगू.

शनिवारी ती म्हणाली, "जुन्या मेंढवाड्याकडे ने मला."

"चल," एर्मेक म्हणाला.

वाटेत उतारांवर अजून बर्फाचे तुकडे होते. उरुमकान मनात वाक्य घोळवत होती आणि मधेच तिला दुसरीच काळजी लागली. मेंढवाडा पंचवीस वर्षांपूर्वी मोडला. विटा, पत्रे, तुळया लोकांनी नेल्या. भिंतच नाही तर दक्षिणेची भिंत कुठे शोधायची? नदीच्या वळणावर थांबून जरा अंदाज घे, असे ती सांगणार, तोच एर्मेकने रस्ता सोडला. ना झाड, ना खांब, ना पायवाट. गाडी सरळ उतारावरून गेली आणि एका जागी थांबली. त्याने इंजिन बंद केले.

पुढे गवतात पांढऱ्या दगडांचे लहानसे वर्तुळ होते. हिवाळ्यात दोन-तीन दगड सरकले होते. एर्मेक उतरला आणि सवयीने वाकून ते जागेवर लावू लागला. मग त्याच्या लक्षात आले आणि तो तसाच, हातात दगड घेऊन, वळला.

उरुमकान गाडीतून उतरली. जुळवलेले वाक्य तिला आता आठवेना.

"कधीपासून?"

"सैन्यातून आलो तेव्हा आजीने सांगितलं."

"आणि तेव्हापासून येतोस इथे?"

"दर एप्रिलला. बाबा होते तोवर बाबांबरोबर."

दर एप्रिलला बाप-लेक घोडी बघायला म्हणून जात आणि येताना मूठभर रानकांदे आणत. जोड्यांच्या चिखलावरून ती दोघांना ओरडायची. मग कांदे चिरून कणकेच्या करंज्यांत भरून उकडायची, आणि तिघे मिळून खात.

"आई, आम्हाला वाटलं, तुला सहन व्हायचं नाही."

"अठरा वर्षं तुम्ही दोघं रडून घेत होता. मला कांदे आणत होता."

एर्मेकने दगड खाली ठेवला. तिने वर्तुळाकडे पाहिले. ते इतके लहान होते की दोन पावलांत ओलांडता आले असते.

"हिला नाव ठेवलं का कुणी?"

"बाबांनी ठेवलं होतं. उमसुनाय."

उरुमकानने मान हलवली. चांगले नाव होते. तिला विचारले असते तर तिने दुसरे ठेवले असते.

"तू गाडीत बस."

"आई, मी तुझाच—"

"ते कुणी विचारलंय का तुला? तू माझाच आहेस, ते मला कुणी सांगायला नको. गाडीत बस म्हटलं ना."

तो गेला. दार लागल्याचा आवाज आला, तरी ती उभीच राहिली. काचेआडून तो बघत होता. तिने हाताने खूण केली, अजून मागे ने. गाडी उतारावरून मागे मागे सरकत रस्त्याला लागली. तेव्हा ती ओल्या जमिनीवर बसली.