चाकूचा तिसरा स्क्रू

‘जोर कशाला लावताय? रेडा हाय का त्यो?’ असं म्हणून तिनं माझ्या हातातला स्क्रूड्रायव्हर काढून घेतला. ती शेवटची संध्याकाळ. ओट्यावर आम्ही दोघं तिचा घडीचा चाकू खोलत बसलो होतो.

ती म्हणजे माझी बायको. नाव घ्यायची आमच्यात रीत नाही. राहात्याकडं एका नर्सरीत आम्ही जोडीनं मोसंबीच्या कलमांचे डोळे भरायचो. ती रोपाची साल चिरून डोळा बसवायची, मी वरून पट्टी बांधायचो. तुम्हीही अशी बाई पाहिली असेल. पदर खोचलेला, नजर खाली, तोंड मात्र चालू. एका गड्यानं पेरू कापायला तिचा चाकू मागितला, तर म्हणाली, ‘दात पडले व्हय रं तुजे?’ मालक घाई करायला लागला की म्हणायची, ‘मला काय सांगताय? झाडाला सांगा.’

त्या चाकूत डिंक आणि माती बसून पातं अडकायला लागलं होतं. सकाळी कामाला तर पाहिजे. डोळ्यांच्या काड्या तोडून ओल्या गोणपाटात ठेवलेल्या. दोन स्क्रू निघाले. तिसरा गंजलेला, हलेना.

‘हातोडी आणू?’

‘आना, अन् घाला माज्या डोक्यात. खाच उडाली की चाकू गेला.’

तिनं सुईनं खाच कोरली, तेलाचा थेंब सोडला. ‘मुरू द्या. सकाळी निघंल.’

रात्री झोपेतच गेली. काही दुखतंय असं कधी बोलली नव्हती.

सकाळी घर माणसांनी भरलं. मला रडू येईना. मी चाकू घेऊन ओट्यावर बसलो. कुणीतरी म्हणालं, ‘म्हाताऱ्याला काय वाटतंय का बघा.’ पुतण्या पक्कड घेऊन आला.

‘द्या नाना, एका झटक्यात काढतो.’

‘हात लावशील तर बघ.’

‘आता कुनाला लागतोय त्यो?’

ती ठेवायची तसा, पकड बसावी म्हणून खाचेवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा ठेवला. स्क्रूड्रायव्हर सरळ दाबला. आधी केसभर आवळला, मग उलटा फिरवला. करकरला आणि सुटला. खाच शाबूत होती.

अंगणात बायका साड्यांचा आडोसा धरून तिला आंघोळ घालत होत्या. मी पातं सुटं केलं, आणि तेलाच्या चिंधीनं त्याच्या बुडातला डिंक पुसत बसलो.