बफ मारलेली तलवार

धरमपेठेतल्या एका निवृत्त साहेबानं मला फसवलं. माझ्याकडून काहीही न घेता फसवलं, म्हणून जास्त झोंबतं.

महाल भागात माझं जुन्या तांब्या-पितळेचं दुकान आहे. रस्त्यावर गोणपाट टाकून सुरू केलं, कोणाच्या उपकारावर नाही. उमरेडच्या एका घरची जुनी भांडी उचलली, त्यांत ती तलवार आली. थोडी बाकदार, मुठीवर माशाचं कातडं आणि तार. पातं तपकिरी पडलेलं. त्यावर वेलबुट्टी आणि इंग्रजी अक्षरांची अंधूक ओळ. कुठल्यातरी पलटणीची असावी एवढं मला कळलं. किंमत कळेना.

या साहेबाला जुन्या हत्यारांचा शौक. पितृपक्षात त्याला दुकानात बोलावलं. त्यानं भिंगातून ती ओळ वाचली, पुन्हा वाचली, आणि शिळी भाजी वाढल्यासारखं तोंड केलं.

"वरातीतली आहे हो. नवरदेवाच्या हातात देतात ती."

"तुम्ही घेता का, साहेब?"

"मी? छे! खांडेनवमी येतेय. बफ मारून चकाचक करा, पूजेला ठेवा. मग एखादा घोडीवाला नेईल."

घेत नाही म्हणाला, तिथंच माझा विश्वास बसला. ज्याला घ्यायचं असतं तो माल पाडून बोलतो. ज्याला घ्यायचंच नाही तो खोटं कशाला बोलेल? शिवाय आमच्या धंद्यात चकाकेल त्याला भाव. पॉलिशच्या चाकावर धरली. तपकिरी रंग गेला, वेल गेली, ओळ गेली. पूजेला हळदकुंकू लावताना बायको म्हणाली, "स्टीलचं ताटच करून टाकलं जी तुम्ही!"

दसऱ्याला सोनं द्यायला साहेबाकडे गेलो. बैठकीत काचेच्या कपाटात तश्शीच तलवार. तीच वेल, तीच ओळ. हलकं तेल लावलेली, तपकिरीच. साहेब पाहुण्यांना सांगत होता, "या पलटणीची अशी दुसरी आता कुठेच नाही. आणि हा रंग घालवायचा नसतो बरं का. घासली की संपली."

मी दारातूनच बोललो, "आता काहून, साहेब? पितरपाखात होती न दुसरी, माह्या दुकानात!"

 साहेबानं माझ्या हातातली आपट्याची पानं काढून घेतली. "वा, सोनं! बसा. चहा घेणार?"

दोन राहिल्या असत्या तर याच्या कपाटाचा तोरा उतरला असता, एवढंच. तेवढ्यासाठी माझ्याच हातानं माझा माल मारवला. आणि हा माणूस सभांमधून वारसा जपा म्हणून भाषणं ठोकतो!

एक जण आता ॲसिडनं पात्यावर नवी वेल, नवी ओळ काढून देतो म्हणतो. खोटी अक्षरं काढून जुनी म्हणून विकायला मी काही साहेब नाही. ती तशीच बोडकी गल्ल्यामागं टांगली आहे. जो विचारतो त्याला सगळं सांगतो.

साहेब, तुमचा चहा मी प्यालो नाही, त्यामुळे मिंधा नाही. भिंगातून ती ओळ तुम्ही दोनदा वाचलीत. मग मला बफ मारायला काहून सांगितलं? बोला.