एस्टर उलट्या बाजूनं तुटतो

देवासला सुगंधी तेलांच्या कारखान्यात मी रिॲक्टर चालवला. शाळा चौथीपर्यंत. आम्ही लॅव्हेंडरच्या वासाचा एक एस्टर करायचो. सोड्यानं नीट धुतला नाही आणि आत आम्ल राहिलं, की तापवताना तो फुटायचा. व्हिनेगरचा भपका, वर टर्पेंटाइनसारखी घाण. का फुटतो, ते तिथल्या केमिस्टनं मला बोटांत बोटं अडकवून दाखवलं. पुढे तोच माझा जावई झाला.

"काका, हे आम्ल, हे अल्कोहल, मध्ये ऑक्सिजन. साधा एस्टर तुटला की ऑक्सिजन बहुधा अल्कोहलबरोबर जातो. हा उलट्या बाजूनं तुटतो. ऑक्सिजन आम्लाकडेच राहतो, पलीकडचा तुकडा एकटा निघतो."

"एकटा निभतो कसा?"

"शेजारी दुहेरी बंध असतो ना. त्याचा आधार."

गेल्या वर्षी मुलगी त्याचं घर सोडून माझ्याकडे धारला आली. नात त्यानं देवासलाच ठेवून घेतली. जावई बोलणी करायला येणार त्या दिवशी मुलगी म्हणाली, "बाबा, भांडू नका. पोर तेवढी मिळवा." आणि आतल्या खोलीत जाऊन बसली.

जावई चुलतभावाला घेऊन आला. चहा झाल्यावर त्यानं बोटं अडकवली आणि हळूच सोडवली. "मामा, आठवतंय? ऑक्सिजन माझ्याकडे राहणार. तुमची मुलगी निघू शकली, कारण शेजारचा आधार होता."

चुलतभाऊ हसला. "कोण शेजारी, भिया, वो भी बोल दे."

देवासला त्यांच्या शेजारी एक तरुण मास्तर राहतो.

"आज पोर न्या," जावई म्हणाला. "फक्त एवढं म्हणा, की तुमची मुलगी वाईट चालीची आहे. याच्यासमोर म्हणा."

आतून मुलीचा आवाज आला, "बाबा, म्हणून टाका. मला चालेल."

मला चालणार नव्हतं. माझ्या रक्ताला असलं नाव मी माझ्या तोंडानं देत नसतो. जावयाला कधी अरे-तुरे केलं नव्हतं, ते त्या दिवशी केलं.

"ऊठ. पोर ठेव तुझ्याकडे. पुन्हा या दारात दिसू नकोस."

ते गेले. मुलगी पिशवी भरूनच बाहेर आली. मोहनखेड्याच्या धर्मशाळेत तिला काम मिळत होतं.

"पोर त्यानं नाही ठेवली, बाबा," ती चपला घालत म्हणाली. "तुम्ही देऊन टाकलीत."

मोहनखेड्याकडे जाणारी राजगढची बस चौकातूनच सुटते. मी तिला थांब म्हटलं नाही.